स्वस्त झालेली महाग गाडी

कुडपणसारख्या गावात जुनी गाडी दारात आली की पहिला प्रश्न तिच्या रंगाचा किंवा कंपनीचा नसतो. चढाला दम धरते का आणि उतारावर थांबते का, हे आधी विचारले जाते. पोलादपूर तालुक्यात, सह्याद्रीच्या अंगावर वसलेले आणि शेलारमामांचे गाव म्हणून ओळखले जाणारे हे गाव अरुंद, वळणावळणाच्या रस्त्याने जगाशी जोडलेले आहे. ८ जानेवारी २०२१ रोजी लग्नाचे वऱ्हाड घेऊन निघालेला ट्रक कुडपणजवळच दरीत कोसळला. त्याआधी २८ जुलै २०१८ रोजी याच तालुक्यातील आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस कोसळली आणि एक जण वगळता बसमधील सगळे गेले. वाहनाकडे पाहण्याची इथली नजर अशा अनुभवांतून घडली आहे.

अशा गावांतील घरटी एखादा माणूस मुंबईत असतो. आजोबा गिरणीत होते, वडिलांनी नोकरी केली, आणि आता तिसऱ्या पिढीतील कुणी व्यवसायात चांगला स्थिरावला आहे. त्याच्या मोबाइलवर जुन्या पोर्शे, फेरारी, लँबॉर्गिनी यांच्या जाहिराती येतात आणि काहींची किंमत नव्या, बऱ्यापैकी मोठ्या एसयूव्हीच्या आसपास दिसते. लहानपणी भिंतीवर जिचे चित्र लावले होते ती गाडी आवाक्यात आल्यासारखी वाटते. ही इच्छा हसण्यावारी नेण्याजोगी नाही. कष्टाच्या पैशातून एखादी सुंदर वस्तू घ्यावीशी वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच ती घेण्यापूर्वी काय तपासायचे, हे नीट समजून घ्यायला हवे.

आधी ही गाडी स्वस्त का होते ते पाहू. नवी गाडी विकत घेताना दिलेल्या रकमेत आयात शुल्क, जीएसटी, वाहनकर, विमा असे बरेच काही असते आणि त्यातले फार थोडे पुढच्या खरेदीदाराकडून वसूल होते. शिवाय अशा गाडीला गिऱ्हाईक कमी असते. नवे मॉडेल आले की जुन्याची मागणी आणखी घटते. त्यामुळे दहा वर्षांत किंमत निम्म्याच्याही खाली येऊ शकते. पण तिचे सुटे भाग, तेल, टायर आणि मेकॅनिकचा वेळ हे सगळे मात्र नव्या गाडीच्या भावानेच मिळत राहते. तीन कोटींची गाडी ऐंशी लाखांत मिळाली, तरी तिचा क्लच तीन कोटींच्या गाडीचाच असतो. पहिल्यांदा अशी गाडी घेणारे बहुतेक जण इथेच चुकतात. ते खरेदीचा हिशेब करतात, पण बाळगण्याचा करत नाहीत.

महाराष्ट्राला सर्वांत परिचित असलेली वापरलेली फेरारी सचिन तेंडुलकर यांची. एप्रिल २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत त्यांनी २९ वे शतक करून डॉन ब्रॅडमन यांची बरोबरी केली. त्यानिमित्त फियाट कंपनीने त्यांना फेरारी ३६० मोडेना भेट दिली. मायकेल शूमाकर यांच्या हस्ते ती देण्यात आली. गाडी भारतात आणताना सुमारे १ कोटी १३ लाख रुपयांच्या आयात शुल्काचा प्रश्न उभा राहिला. सरकारने सवलत दिली, त्यावर टीका झाली, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर ती रक्कम फियाटने भरली. २०११ मध्ये ही गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. गाडीच्या मूळ मालकाविषयी देशाला आदर होता, कंपनी जगप्रसिद्ध होती, तरीही शुल्क कोणी भरले हा प्रश्न सुटल्याशिवाय ती वादातून मोकळी झाली नाही. सामान्य खरेदीदाराच्या वाट्याला येणाऱ्या गाडीमागे असे नाव नसते. त्याच्या हाती फक्त कागद असतात.

म्हणून तपासणी बोनेटपासून नव्हे, फाइलपासून सुरू करावी. आरसी म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र. त्यावरचा चेसिस नंबर, म्हणजे सांगाड्यावर कोरलेला क्रमांक, आणि इंजिन नंबर गाडीवर प्रत्यक्ष वाचून जुळवावेत. फोटोवर भागवू नये. केंद्र सरकारच्या वाहन पोर्टलवर आणि एम-परिवहन ॲपवर गाडीची नोंद, विम्याची मुदत, थकलेले ई-चलान आणि बँकेचा बोजा दिसतो. कर्ज फिटले असले तरी नोंदणीवरचा बोजा आपोआप उतरत नाही. त्यासाठी बँकेचे पत्र आणि नमुना ३५ लागतो. विक्रेता ‘ते नंतर करून देतो’ म्हणाला, तर पैसेही नंतरच द्यावेत.

आयात केलेल्या गाडीसाठी आणखी एक कागद महत्त्वाचा आहे. बिल ऑफ एन्ट्री म्हणजे माल देशात आला तेव्हा सीमाशुल्क खात्याकडे दाखल झालेले विवरणपत्र. गाडी कोणत्या बंदरातून, कोणत्या वर्षी, किती किमतीची म्हणून आली आणि तिच्यावर किती शुल्क भरले, हे त्यात असते. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात सीमाशुल्क खात्याने ‘ऑपरेशन नुमखोर’ या नावाने छापे घातले. भूतानमार्गे बेकायदा आणलेल्या आणि खोट्या कागदांवर दूरच्या राज्यांत नोंदवलेल्या महागड्या गाड्या त्यात ताब्यात घेतल्या गेल्या. अशा प्रकरणात गाडी कोणी आणली याचा शोध नंतर लागतो, पण ती उचलली जाते ज्याच्या दारात उभी असेल त्याच्या दारातून. आरसी अस्सल दिसते म्हणून गाडीचा देशातला प्रवेशही अस्सल असेल, असे धरून चालता येत नाही.

यानंतर राज्याच्या कराचा मुद्दा येतो आणि तो थोडा सविस्तर समजून घ्यावा लागेल. मोटारीवरचा एकरकमी कर प्रत्येक राज्य आपापल्या दराने घेते. महाराष्ट्रात या कराला दीर्घकाळ २० लाख रुपयांची कमाल मर्यादा होती. जुलै २०२५ पासून ती ३० लाख झाली. कर्नाटकात कर गाडीच्या किमतीच्या टक्केवारीने लागतो, त्यामुळे सात कोटींच्या गाडीवर तो कोटीच्या घरात जातो. साहजिकच काही मालक स्वस्त कराच्या राज्यात गाडी नोंदवतात आणि महाग कराच्या राज्यात चालवतात. जुलै २०२५ मध्ये बंगळूरमध्ये महाराष्ट्रात नोंदलेली एक फेरारी एसएफ ९० तिथल्या परिवहन खात्याने अडवली. मालकाला कर आणि दंड मिळून सुमारे १ कोटी ४० लाख रुपये भरावे लागले.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे राहिली, तर तिची नवी नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, लागते. ते मिळाल्यावर महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. पूर्वीच्या राज्यात भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण तो वेगळा अर्ज आहे आणि त्याला वेळ लागतो. दिल्ली, हरयाणा, पुदुच्चेरी किंवा कर्नाटकच्या पाटीची गाडी दहा लाखांनी स्वस्त वाटत असेल, तर आपल्या आरटीओत जाऊन तिच्यावर इथे किती कर लागेल हे आधी विचारावे. पुष्कळदा स्वस्ताई तिथेच संपते.

गाडी नावावर करण्याचे काम एजंटावर सोडून विसरून जाण्याची आपल्याकडे सवय आहे. कायदा याबाबत स्पष्ट आहे. विक्रेत्याने त्याच राज्यात १४ दिवसांत आणि परराज्यात ४५ दिवसांत हस्तांतर कळवायचे असते. खरेदीदाराने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. नमुने २९ आणि ३० त्यासाठीच आहेत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सांगितले की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, मग गाडी मध्ये कितीही हातांतून गेलेली असो. त्या प्रकरणात अपघाताची भरपाई नोंदीतल्या मालकावर आली. हा निर्णय विक्रेत्याला इशारा आहे, तसाच खरेदीदारालाही आहे. समोर बसून गाडी विकणाऱ्याचे नाव आरसीवर नसेल, तर तो विकतो आहे ती वस्तू कायद्याने त्याची नाही. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना परिवहन खात्याकडून अधिकृत प्रमाणपत्र घेण्याची आणि ताब्यात आलेल्या गाडीची नोंद पोर्टलवर करण्याची तरतूद झाली आहे. व्यापाऱ्याकडे ते प्रमाणपत्र आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा.

कागद जुळले की गाडीकडे वळावे. इथे महाड आणि पोलादपूरच्या वाचकाला एक गोष्ट वेगळी सांगायला नको. २२ जुलै २०२१ च्या पुरात सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडच्या घरांत शिरले, आणि ज्या गाड्या उंचावर नेता आल्या नाहीत त्या पाण्याखाली गेल्या. त्याच वेळी वाशिष्ठीने चिपळूण बुडवले होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईचेही तसेच झाले. पाणी ओसरल्यावर चिखल काढलेल्या गाड्यांच्या रांगा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्या गाड्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही.

विम्याच्या व्यवहारात दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर ती ‘टोटल लॉस’ धरली जाते. मालकाला भरपाई मिळते आणि गाडी आहे त्या स्थितीत भंगार म्हणून लिलावात जाते. तिथून काही गाड्या सुट्या भागांसाठी मोडल्या जातात. काही मात्र धुऊन, वाळवून, नवे गालिचे घालून दुसऱ्या शहरात पुन्हा विक्रीला उभ्या राहतात. साध्या गाडीत हा व्यवहार जेवढा फायद्याचा, त्याहून कितीतरी अधिक तो महागड्या गाडीत असतो, कारण भंगाराचा भाव आणि बाजारभाव यांतले अंतर तिथे मोठे असते.

स्पोर्ट्‌स कारला पुराचा धोका दोन कारणांनी जास्त आहे. पहिले कारण तिची उंची. रस्ता आणि गाडीचा तळ यांत साधारण बारा-तेरा सेंटिमीटर अंतर असते, त्यामुळे जे पाणी साध्या गाडीच्या दाराच्या खालच्या कडेशी खेळते, ते हिच्या आत शिरलेले असते. दुसरे कारण तिची विद्युत यंत्रणा. इंजिन, गिअर, ब्रेक, एअरबॅग यांचे छोटे संगणक अनेकदा आसनाखाली किंवा गाडीच्या मधल्या कण्यात बसवलेले असतात. पाण्याने ते लगेच बंद पडत नाहीत. जोडण्यांच्या आत गंज हळूहळू चढतो आणि सहा-आठ महिन्यांनी एकेक दिवा पेटू लागतो. तोवर विक्रेत्याचा फोन बदललेला असतो.

पाणी इंजिनात गेले असेल तर नुकसान वेगळ्या प्रकारचे होते. इंजिनाच्या नळकांड्यात दट्ट्या वर येताना हवा दहाव्या हिश्शापर्यंत दाबतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पाणी शोषलेले इंजिन चालू केले तर दट्ट्याला धरणारा दांडा, ज्याला कनेक्टिंग रॉड म्हणतात, वाकतो. थोडा वाकलेला दांडा घेऊनही इंजिन काही काळ चालते, आणि मग एके दिवशी वेगात असताना तो तुटतो.

बुडालेली गाडी ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत, पण शोधायला वाकावे लागते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या शेवटच्या वीतभर भागावर चिखलाची रेघ आहे का पाहावे. आसनांच्या खालच्या लोखंडी पट्ट्या, पेडलच्या बिजागऱ्या आणि डॅशबोर्डखालचे स्क्रू गंजले आहेत का पाहावे. पुढच्या डिकीचा गालिचा उचलावा. दिव्यांच्या काचेत आतून धुके आहे का बघावे. दहा वर्षांच्या गाडीत गालिचे आणि आतले अस्तर अगदी नवे असेल, तर का बदलले ते विचारावे. विमा कंपनीकडून मागच्या वर्षांतील दाव्यांची माहिती विक्रेत्याने मागवून द्यावी असा आग्रह धरावा. प्रामाणिक मालक याला नकार देत नाही.

रंगाची तपासणीही इथेच करून घ्यावी. रंगाच्या थराची जाडी मोजणारे छोटे यंत्र असते. कारखान्यातला थर साधारणपणे शंभर ते पावणेदोनशे मायक्रॉन असतो. त्याहून बराच जाड असेल तर तो भाग पुन्हा रंगवला आहे. पण चुंबकावर चालणारे साधे यंत्र फक्त लोखंडी पत्र्यावर काम करते. फेरारी ३६० चा सांगाडा आणि अंग ॲल्युमिनियमचे आहे, त्यावर ते काहीच दाखवणार नाही. ज्याला ही गोष्ट माहीत आहे असाच तपासनीस घ्यावा. ॲल्युमिनियमचा सांगाडा एकदा वाकला की तो सरळ करण्याची सोय देशात मोजक्या ठिकाणी आहे, म्हणून अपघात लपवण्याचा मोह तिथे अधिक असतो.

आता यंत्राकडे येऊ. या गाड्यांत तीन गोष्टी महाग आणि झिजणाऱ्या आहेत: क्लच, टायमिंग बेल्ट आणि ब्रेक.

२००० च्या दशकातील अनेक फेरारी आणि लँबॉर्गिनींमध्ये क्लचचे पेडल नाही, पण आत क्लच मात्र साध्या गाडीसारखाच आहे. तो पायाऐवजी तेलाच्या दाबाने दाबला जातो. चालकाला पेडल दिसत नसल्याने आपण अर्ध्या क्लचवर गाडी धरली आहे हे त्याच्या लक्षात येत नाही. रांगेत इंच इंच पुढे जाताना आणि चढावर रिव्हर्स घेताना क्लच प्लेट घासत राहते. मुंबई-गोवा महामार्गावर गणपतीच्या आदल्या दिवशीची गर्दी ज्याने पाहिली आहे, त्याला याचा अर्थ सांगावा लागणार नाही. अशा एका प्रवासात क्लचचे आयुष्य महिन्यांनी कमी होऊ शकते. सुदैवाने कंपनीच्या निदान यंत्रावर क्लच किती टक्के झिजला आहे हे वाचता येते. तो आकडा लेखी घ्यावा. ‘नुकताच बदलला’ या वाक्याला बिलाशिवाय किंमत नाही.

टायमिंग बेल्ट म्हणजे दात असलेला रबरी पट्टा. इंजिनाचा मुख्य दांडा आणि झडपा उघडणारा दांडा यांची लय तो जुळवून ठेवतो. तो तुटला तर झडपा दट्ट्यांवर आपटतात आणि इंजिन उघडावेच लागते. हा पट्टा किलोमीटरने कमी आणि वयाने जास्त थकतो, म्हणून फेरारीच्या त्या काळातील आठ नळकांड्यांच्या गाड्यांत तो दर तीन वर्षांनी बदलण्याचा प्रघात आहे. ३५५ मध्ये त्यासाठी इंजिन बाहेर काढावे लागते. ३६० मध्ये आसनांमागच्या झाकणातून ते काम होते. २००४ मध्ये आलेल्या एफ ४३० मध्ये पट्ट्याऐवजी साखळी आली आणि हा खर्च संपला. एकाच घराण्यातल्या तीन गाड्या, पण बाळगण्याचा खर्च तीन प्रकारचा. मॉडेल निवडताना रूपाइतकेच हे वेगळेपण महत्त्वाचे मानावे.

यावरून ‘कमी चाललेली गाडी चांगली’ हा आपल्याकडचा समज इथे किती फसवा आहे ते लक्षात येईल. वर्षाला तीनशे किलोमीटर चाललेल्या गाडीत रबराची सीले कोरडी पडतात, बॅटरी मरते, टायर वरून नवे दिसले तरी आतून कडक होतात. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांचा टायर कितीही भरलेला दिसला, तरी ओल्या घाटात तो पकडणार नाही. दरवर्षी तीन-चार हजार किलोमीटर नियमित चाललेली आणि प्रत्येक सर्व्हिसचे बिल जपलेली गाडी आम्ही केव्हाही पसंत करू.

उभ्या गाडीच्या टाकीतले पेट्रोलही आता वेगळे आहे. देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी बनलेल्या गाड्या या मिश्रणासाठी तयार केलेल्या नव्हत्या. कोकणच्या दमट हवेत महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीत हा प्रश्न वाढतो. गाडीच्या पुस्तिकेत इथेनॉलची कमाल मर्यादा किती दिली आहे ते पाहावे आणि इंधनाच्या नळ्या कधी बदलल्या ते विचारावे.

ब्रेकविषयी कुडपणच्या वाचकाला विशेष आस्था असणार. ब्रेकमधला दाब तेलाने पुढे जातो आणि ते तेलही ओलावा शोषते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की चकत्या तापतात, उष्णता तेलापर्यंत पोचते आणि त्यातल्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल अचानक मऊ होऊन खाली जाते. यावर उपाय दोन: तेल दर दोन वर्षांनी बदलणे आणि उतारावर खालच्या गिअरमध्ये गाडी ठेवून इंजिनाला रोखू देणे. गाडी कितीही भारी असली तरी हा नियम बदलत नाही. अनेक स्पोर्ट्‌स कारना कार्बन-सिरॅमिकच्या चकत्या असतात. त्या उष्णतेला दाद देत नाहीत आणि खूप टिकतात, पण त्यांची झीज जाडीने नव्हे, वजनाने मोजतात. चकतीवर किमान वजन कोरलेले असते. कडेला टवका उडालेला असेल तर ती बदलावी लागू शकते, आणि चार चकत्यांचा खर्च एका चांगल्या नव्या छोट्या गाडीएवढा होऊ शकतो.

ही सगळी तपासणी विक्रेत्याच्या अंगणात आणि घाईत होत नाही. त्या कंपनीच्या गाड्या रोज हाताळणाऱ्या, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या तंत्रज्ञाकडे गाडी एक दिवस ठेवावी. ती रॅम्पवर उचलून खालून पाहावी. इंजिन गार असताना चालू करावे. आपण पोचायच्या आधीच विक्रेत्याने ते तापवून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे, कारण निळा धूर आणि साखळीचा खडखडाट गार इंजिनातच कळतो. संगणकातील नोंदी वाचून घ्याव्यात. पोर्शेच्या गाड्यांत इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवले गेले याचीही नोंद राहते. मीटर मागे फिरवणारा सगळ्याच संगणकांतले आकडे फिरवत नाही, म्हणून ते एकमेकांशी जुळवून पाहावेत. या तपासणीला हजारांत खर्च येतो आणि ती लाखांची चूक वाचवते. विक्रेता तपासणीला नकार देत असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा.

एवढी माहिती मांडल्यावर आमचे मत सांगतो. पहिली स्पोर्ट्‌स कार घेणाऱ्याने आपल्या ऐपतीतली सर्वांत मोठी गाडी घेऊ नये, तर ऐपतीतली सर्वांत चांगली सांभाळलेली घ्यावी. एकाच मालकाची, महाराष्ट्रातच पहिली नोंदणी झालेली, सगळी बिले असलेली साधी पोर्शे ही कागद विस्कटलेल्या फेरारीपेक्षा आम्हाला अधिक मोलाची वाटते. किमतीच्या निदान पाचव्या हिश्शाएवढी रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळी ठेवता येत नसेल, तर गाडी अजून परवडत नाही असे समजावे. आणि कागदात एक जरी खोट असेल, तर किंमत कितीही उतरली तरी ती गाडी घेऊ नये. यंत्र दुरुस्त होते. चोरीचा किंवा चुकवलेल्या शुल्काचा डाग दुरुस्त होत नाही.

शेवटची तपासणी गाडीची नाही, रस्त्याची आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आपल्या गावरस्त्यांवर उंची तेवढी किंवा जास्त असते, पण रुंदी हातभर. अशा उंचवट्यावर लांब नाकाची, बुटकी गाडी मधोमध टेकते. काही गाड्यांत पुढचा भाग बटणाने चार-पाच सेंटिमीटर उचलता येतो. ती सोय चालू आहे का, हे खरेदीआधी दहा वेळा उचलून पाहावे, कारण तिचा पंप महाग आहे. गाडी वाटेत बंद पडली तर तिला दोर लावून ओढता येत नाही. सपाट तळाच्या वाहनावर चढवून न्यावी लागते, आणि तसे वाहन पोलादपूरच्या आत घाटवाटेवर वळेल का, हा साधा प्रश्न आहे. या कंपन्यांची कार्यशाळा मुंबईत, म्हणजे बरीच दूर.

म्हणून ज्याला ही गाडी गावी आणायची आहे, त्याने आधी घरातली साधी गाडी घेऊन एकदा मोजपट्टीसह कुडपणपर्यंत जावे. प्रत्येक गतिरोधकापाशी उतरावे, मोऱ्यांजवळ खचलेल्या कडा पाहाव्यात, समोरून एसटी आली तर बाजूला कुठे होता येईल त्या जागा लक्षात ठेवाव्यात. हिवाळ्यात, दरडी आणि चिखल निघून गेल्यावर, हा प्रवास कदाचित जमेल. श्रावण-भाद्रपदात ती गाडी मुंबईतच कोरड्या जागी झाकून ठेवावी आणि गणपतीला दुसऱ्या गाडीने किंवा एसटीने यावे.